आम्हांला गाण्यातले कळत नाही

गाण्याच्या बैठकीला निघालेल्या माणसाला वाटेत कोणी हटकले की तो दोन वाक्ये हमखास बोलतो. "गाण्याला चाललो आहे" हे पहिले. आणि ते पुरते तोंडाबाहेर पडण्यापूर्वीच, "आपल्याला त्यातले काही कळत नाही म्हणा" हे दुसरे. आमरस ओरपताना असे कोणी म्हणत नाही. हापूस कोणता आणि पायरी कोणता हे न ओळखणारा माणूसही दुसरी वाटी निःशंकपणे पुढे करतो. क्रिकेटचा सामना पाहायला गेलेला, जन्मात कधी बॅट हाती न धरलेला गृहस्थ गोलंदाजाला मोठ्याने सल्ला देतो. शास्त्रीय गाण्यापुढेच आपण असे अपराध्यासारखे का उभे राहतो, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे.

मी गवई नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणाचा गंडा बांधलेला नाही. रेडिओ, तबकड्या, पुढे कॅसेटी आणि आता खिशातला मोबाइल, एवढेच माझे विद्यालय. तेव्हा आज जे सांगणार आहे ते गुरूने शिष्याला सांगावे तसे नाही. चार पावले पुढे गेलेल्या वाटसरूने मागून येणाऱ्याला "इथे खळगा आहे, जरा जपून" म्हणावे, तसे आहे. त्या खळग्यांत मी स्वतः पडलो आहे. माझ्या पहिल्या बैठकीत शेजारच्या जाणकार गृहस्थांवर छाप पाडण्यासाठी मी मोठ्या रुबाबात मान डोलावली आणि "क्या बात है" म्हणालो. गवयाने तेव्हा नुकताच घसा खाकरला होता. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

आता खळगा पहिला. आपण मराठी माणसे गाण्याला कवितेच्या दाराने आत शिरतो. अभंग, भावगीत, नाट्यपद यांत शब्द आपला हात धरून नेतात. त्याच अपेक्षेने आपण ख्यालाला बसतो आणि पाहतो तो काय, दोन ओळींची व्रजभाषेतली बंदिश, त्यातले निम्मे शब्द कानी पडत नाहीत, आणि त्यातलाच एक शब्द घेऊन गवई अर्धा तास बसलेला! अर्थ शोधणारा माणूस इथे उपाशीच राहणार. ख्यालात शब्दाला जागा आहे, नाही असे नाही. पण तो दोरीवर वाळत घातलेल्या वस्त्राच्या चिमट्यासारखा असतो. वस्त्र निराळेच आहे. ते स्वरांचे आहे, आणि स्वर ऐकण्याची सवय ही शब्द ऐकण्याच्या सवयीहून वेगळी आहे. ती लावून घ्यावी लागते. आनंदाची गोष्ट अशी की ती घरच्या घरी, एकट्याने, गुरूवाचून लावून घेता येते. गायला शिकणे ही गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येईन.

या सवयीचा आरंभ मी एका ठिकाणीच करायला सांगतो, आणि ते ठिकाण म्हणजे षड्ज. सगळे स्वर सापेक्ष आहेत. अमुक उंचीचा आवाज म्हणजे गंधार, असे आपल्या संगीतात नाही. ज्याने त्याने आपल्या गळ्याला सोसेल तो सा धरायचा. पुरुष बहुधा पेटीच्या पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास, स्त्रिया बहुधा काळी तीन ते काळी पाचच्या आसपास. तो एकदा धरला की बाकीचे सारे स्वर त्याच्यापासून मोजायचे. घराचा उंबरा ठरला की मग देवघर उजवीकडे, स्वयंपाकघर मागे, असे सांगता येते. उंबराच ठाऊक नसेल तर सगळ्या खोल्या सारख्याच. नवख्या श्रोत्याला ख्याल म्हणजे नुसते वर-खाली होणारे आवाज वाटतात याचे कारण त्याच्या कानाला उंबरा सापडलेला नसतो.

आणि हा उंबरा त्याच्या समोर सबंध वेळ कोणीतरी दाखवीत असते! गवयाच्या मागे बसून तानपुरा छेडणारी ती दोन माणसे आपल्याला शोभेची वाटतात. तानपुऱ्याला बहुधा चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, त्या षड्जात लावलेल्या, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. ज्या रागात पंचम नाही, जसा मालकंस, तिथे पहिली तार मध्यमात लावतात. म्हणजे चारांपैकी तीन तारा एकच गोष्ट सांगत असतात, की हा पाहा सा. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो. त्याला योग्य जागा मिळाली की तार नुसती वाजत नाही, झंकारू लागते. तिची जवारी खुलली, असे म्हणतात. मिरजेच्या ज्या कारागिरांनी हा तानपुरा घडवण्यात पिढ्या घालवल्या, त्यांच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारी काढणे हे त्या कामातले सर्वांत अवघड काम. ते डोळ्यांनी होत नाही, कानांनीच होते.

चांगला लागलेला तानपुरा एक चमत्कार करतो. खर्जाची तार छेडल्यावर तिच्या गुंजनातून काही क्षणांनी, कोणी न वाजवलेला गंधार ऐकू येऊ लागतो. हा भास नव्हे. कोणतीही तार कंप पावते तेव्हा ती सबंध लांबीने तर हलतेच, पण त्याच वेळी अर्ध्याने, तिसऱ्या हिश्श्याने, चौथ्या, पाचव्या हिश्श्यानेही हलते. आणि पाचव्या हिश्श्याच्या कंपनातून जो स्वर निघतो तो षड्जाचा शुद्ध गंधार. याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या दिवशी तो ऐकू येणार नाही. बहुधा आठवडाभर येणार नाही. मला तर तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी उठून शेजारी रेडिओ चालू आहे का पाहून आलो होतो. पण एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही, आणि त्या दिवशी तुमचा कान बदललेला असतो.

म्हणून माझा पहिला धडा असा. घरी तानपुरा नसेल. मोबाइलवर तानपुऱ्याचा नाद विनामूल्य मिळतो, तो आरंभाला पुरेसा आहे. रोज दहा मिनिटे तो लावून गप्प बसा. दोन-चार दिवसांनी त्यात आपला आवाज मिसळून बघा, नुसता "आ". आपला आवाज तानपुऱ्याला घासतो आहे की त्यात विरघळतो आहे, हे तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही. घासणारा आवाज थोडा वर-खाली सरकवा. एका जागी तो एकदम नाहीसा झाल्यासारखा वाटेल. तो सा. घरातली मंडळी पहिले काही दिवस हसतील, त्याला इलाज नाही.

दुसरा धडा पेटीवरचा. गावात एखादे भजनी मंडळ असते आणि मंडळात पेटी असतेच. तासभर मागून आणा. स्वरांची नावे येण्याची गरज नाही. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढरीला हातही लावायचा नाही. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. दोनांचा एक गट, तिनांचा एक. आता एकाला काळी तीन सतत दाबून ठेवायला सांगा आणि तुम्ही तिथपासून वरच्या काळी तीनपर्यंत काळ्या पट्ट्यांवरून सावकाश वर-खाली फिरा. थोड्याच वेळात ओळखीचे काहीतरी ऐकू येईल, तो भूप. सा रे ग प ध. मग सोबत्याला काळी तीन सोडून काळी एक दाबायला सांगा, आणि तिथून निघा. पट्ट्या त्याच, एकही नवी नाही. पण आता भूप गेला, आणि सा रे म प ध, म्हणजे दुर्गा, समोर आला. काळी चारला सा धरलात तर सा रे म प आणि कोमल नी, मेघ किंवा मधमाद सारंगाचे स्वर. काळी दोनवर धानीचे. आणि काळी पाचवर हात ठेवून फिरलात की पेटीतून एकाएकी रात्र बाहेर येते: कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद, मालकंस.

हा खेळ मी अनेकांना करून दाखवला आहे. ज्यांना "गाण्यातले कळत नाही" तेही काळी पाचला सा धरताच गंभीर होतात. पाच पट्ट्या आणि पाच निराळी राज्ये. बदलला तो फक्त उंबरा. आमच्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात, पण तो शब्द विसरलात तरी चालेल. लक्षात एवढेच ठेवायचे की गवई गाताना प्रत्येक क्षणी आपल्याला सा पासूनचे अंतर ऐकवीत असतो. त्याचा गंधार गोड लागतो तो तानपुऱ्यातला षड्ज खाली वाहत असतो म्हणून.

पेटीबद्दल मात्र एक सावधगिरी. पेटीचे स्वर सोयीसाठी समान वाटून लावलेले असतात. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. याच आणि अशाच कारणांवरून १९४० साली सरकारी रेडिओने पेटीला बंदी घातली होती, आणि ती पुढे जवळजवळ तीन दशके टिकली. मला स्वतःला ती बंदी अतिरेकी वाटते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कानाला पेटीनेच स्वरांची ओळख करून दिली. पण ओळख पेटीशी करून घ्यावी आणि मैत्री तानपुऱ्याशी.

आता भूप सापडलाच आहे, तर महिनाभर त्यालाच धरून बसावे, असा माझा आग्रह आहे. नवशिक्याची मोठी चूक ही की तो आज यमन, उद्या तोडी, परवा दरबारी असे करतो आणि पंधरवड्यात दमतो. एका गावात महिनाभर राहिलात तर गाव कळते. पंधरवड्यात पंधरा गावे केलीत तर फक्त धर्मशाळा कळतात. आणि भूप तुम्हांला नवा नाहीच. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. त्यातले पहिलेच गीत, लवकुशांच्या गायनाचे, सुधीर फडक्यांनी भूपात बांधले आहे. ज्या घरात ते ऐकले गेले त्या घरात भूप शिरला. त्याहून मागे जायचे तर १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकाकडे जा. भास्करबुवा बखल्यांनी त्याच्या पदांना चाली देताना जुन्या अस्सल बंदिशी पुढे ठेवल्या होत्या. त्यातले 'सुजन कसा मन चोरी' हे पद भूपातले, आणि 'नाथ हा माझा' यमनातले. पिटात बसलेल्या प्रेक्षकाला राग म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. पण तो घरी जाताना भूप गुणगुणत जाई. आपल्या आजोबा-पणजोबांचा कान असा, न कळत, फुकट तयार झाला. नाटक कंपन्या गेल्या, देवळातली रात्रभराची भजने आटली. आता तो कान ज्याचा त्याने हिंडून मिळवायचा आहे. आजच्या नवशिक्याला जे कष्ट पडतात ते त्याच्या मंदबुद्धीमुळे नव्हेत, ही गोष्ट त्याला कोणीतरी सांगायला हवी.

भूपाचे पाच स्वर कळले म्हणजे भूप कळला का? इथे खळगा दुसरा. सकाळी गायचा देशकार नावाचा एक राग आहे. त्याचेही स्वर सा रे ग प ध, हुबेहूब तेच, आणि सा देखील जागचा हललेला नाही. तरीही तो भूप नव्हे. भूप खालच्या अंगाने चालतो. तो गंधारावर येऊन बसतो, मंद्रातल्या धैवतापर्यंत खाली जाऊन पुन्हा गंधाराशी परततो; सायंकाळी ओसरीवर टेकलेल्या माणसासारखी त्याची बैठक. देशकाराचा जीव वरच्या अंगात, धैवतात. तो रिषभावर रेंगाळत नाही, गंधाराशीही फार थांबत नाही. उन्हे वर येताच कामाला लागलेल्या माणसासारखा तो चढाच असतो. अक्षरे तीच, पण 'राम' आणि 'मरा' यांत फरक पडतोच ना! राग म्हणजे स्वरांची यादी नसून स्वरांनी चालायची रीत आहे, हे कळायला भूप आणि देशकार लागोपाठ ऐकण्यासारखा उपाय नाही. आणि या सीमेवर जाणकारही अडखळतात, हे ऐकून तुम्हांला बरे वाटेल. फडक्यांचेच 'ज्योति कलश छलके' हे १९६१ सालच्या 'भाभी की चूडियाँ' चित्रपटातले गीत भूपातले की देशकारातले, यावर अजून वाद ऐकू येतो.

हा भेद ज्यांनी ग्रंथातून स्वच्छ मांडला त्या विष्णु नारायण भातखंड्यांची इथे आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६० साली जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायाने वकील. कोण्या घराण्यात जन्मलेले नव्हेत. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत बसून त्यांनी ऐकले, शिकले, टिपून घेतले. पुढे वकिली सोडून देशभर हिंडले आणि उस्तादांकडून बंदिशी मिळवून आणल्या. त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह छापल्या आहेत. १९१० पासून चार भागांत निघालेली त्यांची 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' मराठीत आहे आणि ती गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेली आहे. शिष्य भाबडे प्रश्न विचारतो आणि गुरुजी न चिडता उत्तर देतात. त्यांनीच भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात घातला. गंमत पाहा, या दोन थाटांत फरक आहे तो फक्त मध्यमाचा, एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यम मुळी नाहीच! म्हणजे भातखंड्यांनी इथे यादी पाहिली नाही, चाल पाहिली. ग्रंथांतल्या जुन्या वचनांपेक्षा आज प्रत्यक्ष काय गायले जाते ते आधी ऐका, हा त्यांचा रोख होता. त्यांची पुस्तके मात्र नवशिक्याने आधी उघडू नयेत. भूप महिनाभर ऐकून झाल्यावर त्यातले भूपाचे प्रकरण वाचावे. मग प्रत्येक वाक्याला "अरे, हे तर मी ऐकले आहे" असे वाटते. उलट क्रमाने केलेत तर ते नकाशा पाठ करून प्रवास घडल्याचे समाधान मानण्यासारखे होईल.

तालाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती मोजण्याची आहे आणि मोजायला सगळ्यांनाच येते. बैठकीत सगळे एकदम मान हलवतात ती जागा म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा. ती गाठण्यासाठी शेजाऱ्याची मान पाहू नका. तबल्याचा डावा ऐका. तीनताल सोळा मात्रांचा. त्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा बंद असतो, नुसती टणक चाटी वाजते. चौदाव्याला डग्गा पुन्हा बोलू लागतो. तो बोलला की तीन मात्रांनी सम आलीच. मध्यलयीतल्या तीनतालात एवढी एक खूण धरली की दोन-तीन दिवसांत सम आपोआप अंगात येते. बडा ख्याल पुष्कळदा विलंबित एकतालात असतो, मात्रा बारा. आजच्या संथ लयीत त्याच्या एका आवर्तनाला पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही लागते, म्हणून नवखा माणूस हरवतो. तिथे 'तिरकिट' ऐकावे. ते आवर्तनात दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटानंतर ठेका पातळ होतो, डग्गा गप्प. दुसऱ्या तिरकिटानंतर 'धी ना' आणि लगेच सम. दुसरे तिरकिट वाजले की गवई आपली आलापी आवरून बंदिशीचा मुखडा उचलतो. त्या वेळी आपणही त्याच्याबरोबर मनात मुखडा उचलायचा. तो समेवर उतरतो आणि आपणही उतरतो. गाण्यातला निखळ आनंद काय असतो तो मला पहिल्यांदा तिथे कळला, ज्ञानाचा संबंधही नव्हता.

मग बडा ख्याल लांबलचक वाटत नाही. गवई एकेक स्वर उघडत वर चढतो आहे, हे दिसू लागते. भूपात तो कितीतरी आवर्तने गंधाराशीच घुटमळतो. पंचम दाखवायचा, पण त्यावर थांबायचे नाही. धैवताला हात लावून परत यायचे. आणि शेवटी, वीस-पंचवीस मिनिटांनी, तो तार षड्जावर जाऊन ठाकतो तेव्हा इतका वेळ का लावला ते समजते. किशोरी आमोणकरांच्या 'सहेला रे' ची द्रुत बंदिश अनेकांना आवडते, पण ती ऐकण्याआधी तिच्यापूर्वीचा विलंबित ख्याल सोडू नका, हा माझा हट्ट आहे. वरच्या मजल्यावरून दिसणारा देखावा जिना चढून गेलेल्याला जसा दिसतो तसा उचलून नेलेल्याला दिसत नाही. महिन्याच्या शेवटी तोच भूप दुसऱ्या कोणाचा तरी ऐका, निराळ्या घराण्याच्या गवयाचा. घराणी काय आहेत, किराणा, जयपूर, ग्वाल्हेर, आग्रा यांत भेद काय, हे तेव्हा कोणी न सांगता कानाला जाणवेल. त्याआधी त्या वादात पडणे म्हणजे सोयरीक जुळण्यापूर्वी मानपानावरून भांडणे.

राग ओळखण्याची शर्यतही टाळा. बैठकीत गवयाने तोंड उघडताच शेजाऱ्याच्या कानात "बिहाग" असे पुटपुटणारे गृहस्थ असतात. नाव सांगून झाल्यावर त्यांचे ऐकणे बहुधा संपलेले असते.

आता गळ्याविषयी. ऐकता ऐकता गावेसे वाटू लागते, आणि मग प्रश्न येतो की पुस्तकावरून, ध्वनिमुद्रणांवरून गाणे शिकता येईल का? एकलव्याचे नाव लगेच पुढे केले जाते. मला उदाहरण आठवते ते भीमसेन जोशींचे. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून आपण वेडे झालो, असे ते सांगत. ती तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. त्या तीन मिनिटांनी त्यांना काय करायला लावले? तबकडीसमोर बसून नक्कल करायला नव्हे. अकरा वर्षांच्या सुमारास ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असे भटकले, आणि अखेर घरापासून फार दूर नसलेल्या कुंदगोळला, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी येऊन पोचले. तबकडी कानाची गुरू होऊ शकते; गळ्याची होऊ शकत नाही, कारण तबकडी तुमचे गाणे ऐकत नाही. आपला रिषभ उतरतो आहे, जबडा आवळला आहे, श्वास उथळ आहे, हे दुसऱ्याच्याच कानाला कळते. तेव्हा सा लावणे, गुणगुणणे, ठेका धरणे खुशाल एकट्याने करावे; पण मनापासून गायचे असेल तर गावातला साधासा का होईना, शिक्षक गाठावा. वय आडवे येत नाही. लाज येते, पण ती दोन महिन्यांत जाते.

हे सगळे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो आहे? बैठकीत गवयाला समोरच्या रांगा स्वच्छ दिसतात. तो पहिला आलाप घेतो तेव्हा कोणी खुर्ची शोधत असते, कोणाच्या हातात मोबाइलचा उजेड असतो, कोणी चहाची चौकशी करीत असते. पाऊण तास त्याने जीव ओतून गंधार मांडलेला असतो; दाद येत नाही. मग द्रुत लयीत एक वेगवान तान जाते, तबल्याशी चढाओढ होते, आणि टाळ्यांचा कडकडाट. गवई माणूस आहे. पुढच्या वेळी तो गंधाराला वीस मिनिटे देणार नाही, दहा देईल. त्याच्या पुढच्या पिढीतला पाच देईल. लोकांना काय ऐकू येते ते पाहूनच तो पान वाढतो. उत्तम शिकलेल्या एका तरुण गायिकेला मी एकदा विचारले होते की आज विलंबित इतके लवकर का आवरलेत. त्या हसून म्हणाल्या, "काका, समोर कोणी थांबायला तयार नव्हते." त्या सभागृहात मीही होतो, आणि त्या दिवशी पहिल्या आलापाच्या वेळी शेजाऱ्याशी पावसाबद्दल बोलत होतो.

पुढच्या बैठकीला जाल तेव्हा पंधरा मिनिटे आधी जा. गवई मंचावर येऊन बसेल आणि तानपुऱ्याची खुंटी पिळू लागेल, मणी सरकवील, कान तारेशी नेईल. पुष्कळांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो आणि सभागृहात बोलण्याची गर्दी उसळते. तुम्ही बोलू नका. जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिळतात तो क्षण पकडायचा प्रयत्न करा, मग खर्ज, आणि त्यातून गंधार डोकावतो का ते बघा.